आलोच!

स्वयंपाकघरातल्या वरच्या खणाची मूठ आठ महिने सैल होती. आठ हा आकडा अंदाजाचा नाही. ती सैल झाली त्या आठवड्यात धाकटीचा पहिला दात पडला होता, आणि मी ती घट्ट केली त्या दिवशी चौथा दात मुठीत धरून ती माझ्या शेजारी उभी होती. मधल्या काळात घरातल्या चौघांनीही तो खण उघडण्याची आपापली रीत बसवून घेतली होती. बायको अंगठ्याने मूठ दाबून धरायची. थोरला खालच्या फटीत बोटं घालून ओढायचा. मी खण जरा वर उचलून डावीकडे रेटायचो. धाकटीने माझी रीत उचलली होती आणि घरी येणाऱ्या माणसांसाठी खणावर चिठ्ठी चिकटवली होती : "वर उचला. डावीकडे. हळू. त्याला रागवू नका."

एका रविवारी खेळण्यातल्या गाडीचे सेल बदलायला मी स्क्रूड्रायव्हर काढला. तो जागेवर ठेवायला गेलो तर मूठ नेहमीसारखी हातात आली. दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर होताच, म्हणून आतल्या बाजूचे दोन स्क्रू पिळले. चार मिनिटं लागली.

पुढचा आठवडाभर आम्ही सगळे तो खण जुन्याच रीतीने उघडत होतो. हातांना सवय झाली होती. एका संध्याकाळी बायकोने अंगठा दाबला, त्याच वेळी थोरल्याने खालून बोटं घातली आणि तेवढ्यात मागून धाकटी ओरडली, "अगं आई, तो बरा झालाय!" आजारातून उठलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. आम्ही तिथेच ओट्याला टेकून हसत राहिलो. थोरल्याला उचकी लागली.

हसू ओसरल्यावर मात्र एक प्रश्न मनात राहिला आणि तो आजतागायत गेलेला नाही. चार मिनिटांच्या कामाला आठ महिने का लागले? आळस म्हणावं तर त्या आठ महिन्यांत आळसाला जागाच नव्हती. मुलांची दोन मोठी आजारपणं झाली, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ऑफिसचं काम रात्री घरी यायचं, आणि सकाळी साडेपाचला सुरू झालेला दिवस अकराच्या आधी मिटत नव्हता. बायकोचा दिवस माझ्याहून लांब होता. इतकं सगळं करणाऱ्या घरात एक स्क्रू पिळला जात नाही, याचं कारण वेळ नाही एवढंच नसणार. वेळ नव्हता हे खरं आहे, पण चार मिनिटं नव्हती हे खरं नाही.

मराठीत या गोष्टीला शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. दिरंगाई फारसीतून आली, तिला अजून कचेरीचा वास येतो. टंगळमंगळ मुलं करतात, किंवा मोठी माणसं तसं म्हणतात. टाळाटाळीत दुसरा माणूस समोर असतो, त्याला आपण चुकवत असतो. मला सगळ्यांत खरा वाटतो तो शब्द चालढकल, कारण त्यात ढकलणं आहे. ढकलायला जोर लागतो. खणाची मूठ रोज हातात यायची तेव्हा मी रोज ते काम दुसऱ्या दिवसावर ढकलत होतो, आणि त्या ढकलण्यात माझं काहीतरी रोज खर्च होत होतं. आठ महिने म्हणजे दोनशे चाळीस वेळा. भिजत पडलेलं घोंगडं जड का होतं ते लोकरीचं काहीही भिजवलेल्या माणसाला ठाऊक आहे. ती पाणी पीत राहते. पहिल्या दिवशी उचललं असतं तर एका हाताने उचललं गेलं असतं.

पण घरात हे शब्द कोणी वापरत नाही. घरातले शब्द साधे असतात : करतो, बघू, नंतर, झालंच, आलोच. यातले शेवटचे दोन नीट ऐकावेत असे आहेत. आपण मराठी माणसं जे अजून घडलेलंच नाही ते बिनदिक्कत भूतकाळात सांगतो. कोणी हाक मारली की जागचे न हलता म्हणतो, "आलो आलो!" काम हातात घेतलेलंही नसतं तेव्हा म्हणतो, "केलंच समज." यात फसवणूक नसते, उलट प्रेम असतं. मी येणार हे इतकं नक्की आहे की आलोच असं धर, हा त्यातला भाव. भाषेने दिलेलं हे फार सुंदर आश्वासन आहे, म्हणूनच ते जपून वापरायला हवं.

धाकटी पाच वर्षांची असताना एकदा मी आतल्या खोलीत संगणकासमोर होतो आणि ती बाहेरून हाका मारत होती. मी तीन वेळा "आलो" म्हटलं. चौथ्यांदा ती दारात येऊन उभी राहिली. तक्रार करायला आली नव्हती, तिला खरोखर कळत नव्हतं. "बाबा, आलो म्हणजे आलेला ना? मग तू इथे कसा?" मी संगणक मिटला. तिला काय हवं होतं ते आता आठवत नाही, तिचा तो चेहरा आठवतो. व्याकरणात काहीतरी चुकतंय आणि ते आपल्यालाच कळत नसावं, असा.

त्याच वयात तिने "परवा"चा घोळ काढला होता. परवा म्हणजे होऊन गेलेला दिवस की यायचा दिवस? दोन्ही, असं सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग कळतं कसं?" क्रियापदावरून कळतं, हे पाच वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मुलं काळाचे शब्द कसे शिकतात यावर बरंच संशोधन झालेलं आहे. काल आणि उद्या हे शब्द मुलं तीन-चार वर्षांची असताना बोलू लागतात. पुढे उद्या म्हणजे यायची वेळ एवढं उमगतं. पण उद्या म्हणजे नेमका आजच्यानंतरचा एकच दिवस, हे पक्कं व्हायला सहा-सात वर्षांचं व्हावं लागतं. तोवर उद्या हा शब्द पोकळ भांड्यासारखा असतो आणि त्यात अर्थ भरण्याचं काम घरातली मोठी माणसं करतात. आम्ही काय भरत होतो, हे मला फार उशिरा दिसलं. त्याकडे येतोच.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल यांनी चालढकल या एकाच विषयाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २०१३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने मांडलेलं म्हणणं मी वाचलं तेव्हा मला तो खण आठवला. त्यांचं म्हणणं असं की चालढकल ही वेळेच्या नियोजनाची गोष्ट कमी आणि मनःस्थिती सांभाळण्याची जास्त आहे. एखादं काम समोर आलं की त्याच्याबरोबर एक भावना येते : कंटाळा, धास्ती, आपल्याला जमणार नाही अशी शंका, किंवा आधीच उशीर झाल्याची लाज. काम बाजूला सारलं की ती भावनाही तेवढ्यापुरती बाजूला जाते. लगेच बरं वाटतं. हे बरं वाटणं खरं असतं, आणि त्यामुळेच माणूस ते पुन्हा करतो.

पण खणाच्या मुठीत कसली भावना? मी खूप विचार केला. पहिल्या आठवड्यात कसलीच नव्हती, नुसती घाई होती. दुसऱ्या महिन्यात मूठ हातात आली की अजून केलं नाही हे आठवायचं. पाचव्या महिन्यात ती मूठ म्हणजे घरातल्या सगळ्या न झालेल्या कामांची मूठ झाली होती. ती हातात आली की न भरलेला फॉर्म, न केलेला फोन, मामांच्या पत्राचं न लिहिलेलं उत्तर, सगळं एकदम आठवायचं आणि मी खण पटकन बंद करायचो. काम तेवढंच राहिलं होतं, दोन स्क्रूंचं. त्याच्यावर चढलेला थर वाढला होता.

मुलं असलेल्या घरात हा थर लवकर चढतो, कारण काम सुरू करून मधे सोडावं लागणं हा इथला नियमच आहे. फॉर्म हातात घेतला की कोणाची तरी पाण्याची बाटली सांडते. फोन लावला की "बाबा, हा मला मारतोय." दहा वेळा असं झालं की अकराव्या वेळी माणूस फॉर्म हातातच घेत नाही. म्हणून एकट्या माणसाला दिलेले सल्ले आईबापांना पुरत नाहीत. सकाळी सगळ्यांत अवघड काम आधी करा, असं सांगतात. सकाळी सगळ्यांत अवघड काम म्हणजे दोन मुलांना जागं करणं, आणि ते आम्ही आधीच करतो.

मग रात्र येते. मुलं झोपतात, घर शांत होतं, आणि आपल्याला झोपायला हवं हे कळत असूनही माणूस झोपत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ साली याचाही अभ्यास करून त्याला झोपेची चालढकल म्हटलं : बाहेरची कुठलीही अडचण नसताना ठरवलेल्या वेळी न झोपणं. मला त्या संशोधकांना आमच्या घरी अकरा वाजता बोलवावंसं वाटतं. बायको सोफ्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, दोघांच्याही हातात फोन, दोघंही थकलेले. "झोपू या ना?" "हो, चल." आणि पंचवीस मिनिटं कोणी हलत नाही. त्या पंचवीस मिनिटांत आम्हाला कोणी हाक मारत नाही. मला ती वेळ वाया गेली असं म्हणवत नाही. दिवसभरात तेवढीच आमची असते. दुसऱ्या दिवशी तिची किंमत मोजावी लागते, हेही तितकंच खरं.

आता ढिगोबाबद्दल सांगायला हवं.

आमच्या झोपायच्या खोलीत एक खुर्ची आहे. धुतलेले, वाळलेले, घडी न घातलेले कपडे तिच्यावर येऊन पडतात. एकदा तो ढीग इतका उंच झाला की अंधारात कोणी बसल्यासारखं वाटायचं. धाकटीने त्याच्यावर टोपी ठेवली, थोरल्याने जुना चष्मा लावला, आणि त्याचं नाव पडलं ढिगोबा. रात्री झोपताना "आई गुड नाइट, बाबा गुड नाइट, दादा गुड नाइट, ढिगोबा गुड नाइट" असा क्रम ठरला. सकाळी घाईत मोजा मिळाला नाही की थोरला हात जोडून ढिगोबाला विचारायचा, मग पोटात हात घालून मोजा काढायचा आणि ढिगोबाच्या आवाजात स्वतःच ओरडायचा, "गुदगुल्या होतात!" सकाळी सात वाजता, सगळ्यांना उशीर होत असताना, त्या आवाजाने आमचं घर कितीदा हसलं आहे! रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी माणसं खऱ्या आयुष्यात कधी हसतात याची निरीक्षणं केली. एकटा माणूस जितका हसतो त्याच्या तीसपट तो चारचौघांत हसतो, असं त्यांना दिसलं. हसण्याच्या आधी बोललेली बहुतेक वाक्यं विनोदी नव्हतीच, अगदी साधी होती. मला हे पूर्ण पटतं. "गुदगुल्या होतात" यात विनोद किती आहे कोण जाणे, पण आम्ही चौघं एका खोलीत होतो आणि घाई सगळ्यांची सारखीच होती.

तरीही तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की आता त्या कपड्यांना कोणी हातच लावत नाही. घडी घालायला बसलं की धाकटी रडवेली व्हायची, "ढिगोबा संपेल!" आम्हीही खुशीने उठायचो. ज्या हसण्याने सकाळ सोपी केली होती, त्याच हसण्याने त्या कामाला कायमचा मुक्काम दिला होता. एके रात्री बायकोने मला हे सरळ सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तिघं हसता तेव्हा मीही हसते. पण हसून झालं की ते कपडे माझ्या डोक्यात असतात. तुझ्या नसतात."

हे वाक्य माझ्या मनात रुतलं. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली दाखवून दिलं होतं की त्यांच्या प्रयोगात पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मधेच तुटलेली कामं माणसांना जास्त आठवत होती. घरात मला त्याच्या पुढचं एक दिसतं. माझं अर्धवट काम माझ्याच डोक्यात राहतं असं नाही. मी "करतो" म्हटलं की ते माझ्या डोक्यातून उतरतं आणि तिच्या डोक्यावर चढतं, कारण मी ते केलं की नाही हे लक्षात ठेवणारी ती असते. मी ढकललं म्हणजे कुणाच्या तरी अंगावर ढकललं. त्या रात्री मी तिला सॉरी म्हटलं. तिने "झोप आता" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनेच उपाय काढला. ढिगोबाला सुट्टीवर पाठवायचं. संध्याकाळी चौघं खुर्चीभोवती बसलो. प्रत्येकाने एकेक कपडा काढायचा, तो कोणाचा ते सांगायचं, घडी घालायची आणि ढिगोबाला निरोप द्यायचा. "हा माझा शर्ट. ढिगोबा, नीट राहा." "हा बाबाचा टॉवेल. ढिगोबा, पत्र पाठव." कामाला पस्तीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा हसण्यात गेली. शेवटी टोपी, चष्मा आणि अकरा मोजे उरले. अकराही वेगवेगळे, एकाचीही जोडी नाही. धाकटीने ते पिशवीत भरले आणि पिशवीवर लिहिलं, "ढिगोबाचं सामान." ती पिशवी लवकरच उपयोगी पडली.

थोरल्याला शाळेतून सूर्यमालेची प्रतिकृती करायला सांगितली होती. दोन आठवडे होते. मी विचारायचो, तो म्हणायचा, "करतो." माझाच शब्द, माझाच सूर. द्यायच्या आदल्या दिवशी रात्री साडेआठला कळलं की काहीच झालेलं नाही. मी चिडलो. दोन आठवडे काय करत होतास, हे मी त्याला तीन वेळा विचारलं, तिसऱ्यांदा आवाज चढवून. तो टेबलाशी मान खाली घालून बसला होता. मग अगदी हळू म्हणाला, "सुरू केलं असतं तर चुकलं असतं."

मी खाली बसलो. दहा वर्षांच्या मुलाने मला जे सांगितलं ते मी पुस्तकांतून शिकत होतो. त्याच्या मनातली सूर्यमाला फार सुंदर होती. ग्रह फिरणारे, शनीची कडी चमकणारी. हाताने केली असती तर ती तशी झाली नसती, आणि जोवर सुरू केलेली नव्हती तोवर तशीच राहणार होती. तो खेळत होता, वाचत होता, बहिणीशी भांडत होता आणि दोन आठवडे आतून घाबरलेला होता. मला ते दिसलं नाही, कारण मी फक्त "करतो" ऐकत होतो.

त्याला किती वेळ लागेल असं वाटलं होतं, हे मी विचारलं. म्हणाला, एक तास. यात तो एकटा नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा शेवटचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं बिघडेल असं धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला होता! डॅनिएल कानेमन आणि एमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच माणसाच्या या खोडीला नाव दिलं होतं, नियोजनाचा भ्रम. पुढे आपण काम करताना कोण कोण हाक मारेल, हे माणूस धरतच नाही.

घरात चेंडू दोनच होते. ग्रह आठ. तेव्हा धाकटी, जिने या वेळी झोपलेलं असायला हवं होतं, पिशवी घेऊन आली. "ढिगोबाचं सामान." आम्ही मोजे गुंडाळून ग्रह केले. बाळपणीचा इवलासा मोजा बुध झाला. निळा मोजा वरुण. शनीची कडी पुठ्ठ्याची कापली, ती तीनदा कॉटखाली घरंगळत गेली आणि तिन्ही वेळा थोरला "शनी सुटला!" म्हणत तिच्यामागे सरपटला. गुरूसाठी माझा मोठा मोजा घेतला, त्याच्या टाचेला भोक होतं. बायकोने आतून लाल कापडाचा तुकडा लावला आणि ते भोक गुरूवरचा मोठा लाल डाग झालं. तो डाग म्हणजे पृथ्वीपेक्षाही मोठं वादळ आहे, हे थोरल्याने आम्हाला सांगितलं. त्याला सगळं माहीत होतं. प्रत्येक ग्रहाचं त्याला इतकं माहीत होतं की अकरा वाजेपर्यंत तो बोलत होता. ते मनातल्यासारखं झालं नाही. ते मोज्यांचं झालं. दुसऱ्या दिवशी ते त्याने दोन्ही हातांनी धरून शाळेत नेलं.

त्या रात्री तो झोपताना मला म्हणाला, "मी आधी करायला हवं होतं ना?" मी म्हटलं, "हो. पण झालं ते झालं, आता स्वतःवर चिडू नकोस." हे मी नुसतं समजूत घालायला म्हटलं नव्हतं. २०१० साली पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. मला लहानपणी याच्या उलट शिकवलं गेलं होतं, की स्वतःला टोचत राहिलं म्हणजे माणूस सुधारतो. माझ्या बाबतीत टोचणीने फक्त खण पटकन बंद करायला शिकवलं. मी तिसऱ्यांदा आवाज चढवला होता तोही या टोचणीतूनच आला होता. तिथे मी चुकलो.

तेव्हापासून घरात एक बदल केला. "उद्या" म्हणायचं नाही, कशानंतर ते सांगायचं. दात घासून झाले की, दिवा मालवायच्या आधी, कपडे वाळत घातल्यावर. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशा जर-तर बेतांवर पुष्कळ काम केलं आहे. अमुक झालं की तमुक करीन असं नेमकं ठरवलं, की नुसतं करीन म्हणण्यापेक्षा ते होण्याची शक्यता वाढते. आमच्याकडे ते दर वेळी जमतं असं नाही. पण मुलांना ते आवडलं, कारण त्यांना पकडायला काहीतरी मिळालं. दात घासून झाले की धाकटी तोंडातला फेसही न पुसता समोर हजर होते.

आणि आता ते, ज्याकडे येतो म्हटलं होतं.

कपडे निघाल्यावर खुर्चीच्या मागे भिंतीशी अडकलेला एक जाड कागद सापडला. दुमडून पुस्तकाच्या कव्हरासारखा केलेला, वर निळ्या खडूने काढलेला ढग, ढगाला डोळे, डोळे घट्ट मिटलेले. धाकटी पाच वर्षांची असताना तिने मला एक गोष्ट सांगितली होती, उंचीला घाबरणाऱ्या ढगाची. मी म्हटलं होतं, "वा! उद्या सांग, मी लिहून घेतो, आपण त्याचं पुस्तक शिवू." तिने त्याच दिवशी कव्हर करून ठेवलं होतं. पहिले काही दिवस ती रोज विचारायची, "आज उद्या आहे का?" आम्हाला त्या प्रश्नाचं इतकं हसू यायचं! आम्ही तो सगळ्यांना सांगितला. ती हसायची नाही, हे आता आठवतं. मग ती आठवड्यातून एकदा विचारू लागली. मग विचारायची थांबली, आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आज सगळ्यांत जास्त बोचतं. ती विसरली असं मी धरलं. तिने त्या पोकळ भांड्यात काय भरून घेतलं होतं, हे मी पाहिलं नाही.

कागद सापडूनही मी तो दोन दिवस माझ्याकडेच ठेवला. दाखवायची हिंमत होत नव्हती. तिसऱ्या दिवशी दात घासून झाल्यावर तिच्या शेजारी बसलो आणि कव्हर तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते उलटसुलट पाहिलं.

"ही ढगाची गोष्ट," मी म्हटलं. "तेव्हा लिहायची राहिली. माझ्यामुळे राहिली. आत्ता सांगशील?"

"ती मी लहान असताना होती," ती म्हणाली.

"आठवते?"

"थोडी. तो शेवटी खाली येतो आणि धुकं होतो. पण आता मला तसं नाही वाटत."

"मग आता काय वाटतं?"

ती विचार करत राहिली. मी वही उघडली, पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात बाहेरून थोरल्याची हाक आली, "बाबा! माझी वही दिसत नाहीये!" माझ्या ओठांवर तो शब्द आलाच होता. धाकटीने कव्हर मिटायला घेतलं. रागाने नव्हे, सवयीने, जसे आम्ही बऱ्या झालेल्या खणाला वर उचलत होतो.

"आत्ता येत नाही," मी बाहेरच्या दिशेने म्हटलं. "ही गोष्ट लिहून झाली की येतो."

बाहेर क्षणभर शांतता. मग "बरं," असं ऐकू आलं.

धाकटीने कव्हर पुन्हा उघडलं, माझ्याजवळ सरकली आणि कोऱ्या पानावर बोट ठेवलं.

"इथून लिही," ती म्हणाली. मी लिहिलं, एक ढग होता.

"थांब. आधी त्याला नाव विचार."